तुपासारखे दिसणारे

संस्कृत भाषेने तेलातुपाला आणि मायाममतेला एकच शब्द योजून ठेवला आहे. स्नेह म्हणजे लोभ, आणि स्नेह म्हणजे स्निग्ध पदार्थही. दिव्यातला स्नेह सरला म्हणजे ज्योत मंदावते. घरातला सरला म्हणजे काय होते ते पाहावयास कोश उघडण्याची गरज नाही. आयुर्वेदाने तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह मानले आणि त्यांत तुपाला अग्रमान दिला. ‘तेल’ हा शब्द तर मुळात तिळाचा. तिळाचे ते तैल. पुढे नारळाचे, मोहरीचे, शेंगदाण्याचे असे सारेच रस तिळाचे नाव लावून हिंडू लागले, आणि आता जमिनीच्या पोटातून उपसलेल्या खनिजालाही आपण तेलच म्हणतो. मराठीच्या तासाला ही व्युत्पत्ती सांगितली की मुले हसतात. मला मात्र हा शब्द उच्चारताना आमच्या दोन स्वयंपाकघरांची आठवण होते, आणि तिच्यात थोडीशी काळजीही मिसळलेली असते.

माझे माहेर गोव्यात, फोंडा तालुक्यातील एका वाडीवर. घराभोवती माड; त्यामुळे खोबरेल ही विकत आणावयाची वस्तू आहे हे मला पुष्कळ मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात खोबऱ्याच्या वाट्या अंगणात वाळत पडत. कावळ्यांपासून त्या राखणे हे मुलांचे काम, आणि राखता राखता दोनचार तुकडे तोंडात टाकणे हा त्या कामाचा मोबदला. मग त्या घाण्यावर जात, आणि घरी परतत त्या तेल होऊनच. माशाच्या हुमणाला शेवटची उकळी आली की आई त्यावर कच्च्या खोबरेलाची धार सोडी. ती धार केवढी, तर चमचाभर! पण तेवढ्याने सारे घर जेवावयास तयार होई. खोबरेलाखेरीज आमच्याकडे भिरंडेलही असे. कोकमाच्या बिया कुटून, उकळून वर येणारा स्निग्ध पदार्थ मुठीत वळून ठेवीत. म्हणूनच कोकणात त्याला मुठेल असेही नाव आहे. तो पांढरट गोळा थंडीत आजीच्या टाचांना लागे आणि क्वचित पानावरच्या ऊन भातातही विरघळे.

२०१४ साली लग्न होऊन मी बेळगावास आले ती एकदम शेंगदाण्याच्या आणि करडईच्या राज्यात. करडईला इकडचे कानडी शेजारी कुसुबी म्हणतात. पहिल्या दिवाळसणाहून परत येताना आईने मोठ्या मायेने घरच्या खोबरेलाची बाटली बांधून दिली. ती मी स्वयंपाकघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तो बाटली न्हाणीघराच्या फळीवर! विचारले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “डोसक्याला लावायचं तेल भाजीत घालतात व्हय गं?” त्यांच्या स्वरात अढी नव्हती, निर्मळ आश्चर्य होते. पुढे दोनतीन वर्षे ती बाटली स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये येरझारा घालीत होती. सासूबाईंना खोबरेलाच्या फोडणीचा वास सोसवत नाही. मला प्रारंभी करडईच्या तेलाचा सोसत नसे. आता सोसतो, किंबहुना कारळ्याच्या चटणीवर तेच तेल हवेसे वाटते. माणसाची जीभ ज्या तेलात वाढते त्या तेलाला ती शुद्ध म्हणते, आणि बाकीच्यांना वास येतो असे म्हणते.

परंतु या तेलाच्या प्रश्नाला आमच्या घरी एक गंभीर बाजूही होती आणि ती माझ्या लग्नाआधीची होती. २०११ च्या मे महिन्यात बाबांच्या छातीत कळ आली. वय छप्पन्न, तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकुनी, तंबाखूचे व्यसन नाही, मद्याचे नाही. रुग्णालयात हृदयाची एक रक्तवाहिनी बरीचशी बुजलेली आढळली आणि तीत जाळीची नळी बसवावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्याचा एक कागद दिला. त्यावर पहिल्याच ओळीत होते : खोबरेल बंद, नारळ बंद, तूप बंद.

आईने तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून देवघरातल्या पंचांगात ठेवला. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खोबरेलाचा डबा माळ्यावर चढवताना म्हणाली, “आमचें तेल वायट कशें जातलें गो बाय? म्हजो आजो हेंच तेल खावन णव्वद वर्सां जगलो.” मी त्या वेळी उत्तर दिले नाही. तिला बाबांच्या दुखण्याइतकेच दुसरेही एक दुखत होते. तीस वर्षे जे तिने प्रेमाने वाढले तेच विष होते, असे त्या कागदाने तिला सांगितले होते. स्नेहाचे दोन अर्थ एकाच ओळीत रद्द झाले होते.

मी कलाशाखेची पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेनंतर उरला नव्हता. पण आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून मी पुढे बरेच वाचले, आणि या शाळेत आल्यावर आमच्या विज्ञानाच्या सरांना मधल्या सुट्टीत पुष्कळ छळले. त्यांनी मला जे समजावले ते प्रार्थनेच्या रांगेचे उदाहरण घेऊन समजावले. तेच येथे सांगते.

तेल काय किंवा तूप काय, त्यांतील मेदाम्ले म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लांब साखळ्या. काही साखळ्यांत प्रत्येक कार्बनला जितका हायड्रोजन धरता येईल तितका त्याने धरलेला असतो. या साखळ्या काठीसारख्या सरळ. हात खाली सोडून सरळ उभी राहिलेली मुले जशी रांगेत दाटीने मावतात, तशा या एकमेकींना बिलगून बसतात आणि म्हणून तो पदार्थ थिजतो. तूप, लोणी, खोबरेल यांत अशा संपृक्त साखळ्या अधिक. दुसऱ्या काही साखळ्यांत एकदोन ठिकाणी हायड्रोजन कमी असतो; तेथे दुहेरी बंध असतो आणि साखळीला कोपरासारखा बाक येतो. कोपरे बाहेर काढून उभी असलेली मुले दाटीने कशी उभी राहणार? अंतर पडते आणि पदार्थ पातळच राहतो. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यांची तेले अशी बाकदार साखळ्यांची. माशांच्या तेलाच्या साखळ्यांना तर चारपाच, कधी सहाही ठिकाणी दुहेरी बंध. म्हणूनच थंड पाण्यातही मासा आखडत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे. संपृक्त मेद फार झाला तर रक्तातील कोलेस्टेरॉलचा जो प्रकार धमन्यांच्या भिंतींत साचतो तो वाढतो. खोबरेलात संपृक्त मेदाचे प्रमाण शंभरात नव्वदाच्या आसपास आहे, म्हणजे तुपाहूनही अधिक; त्यांतील जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल. तेव्हा डॉक्टरांचा कागद खोटा नव्हता. खोबरेल हे सर्व रोगांवर औषध आहे असे आजकाल मोठ्या आवाजात सांगणारेही भेटतात. त्यांच्या आवाजापलीकडे त्यांच्याजवळ फारसे काही नाही. तथापि आईचा आजाही खोटा नव्हता. तो खोबरेल खात होता चमच्याने, आणि चालत होता कोसांनी. रोज ताटात बांगडा किंवा तारले, आणि दिवसभर कुळागरात चढउतार. त्याच्या आयुष्यातले एक तेल तेवढे उचलून त्यालाच नव्वद वर्षांचे श्रेय देणे जितके भाबडे, तितकेच त्याच्या नातजावयाच्या दुखण्याचा सारा दोष त्या एका डब्यावर ढकलणेही भाबडेच.

त्या कागदावर खारीचे नाव नव्हते.

बाबांच्या कचेरीसमोर एक बेकरी होती. दुपारी चार वाजता चहाबरोबर दोन खाऱ्या, कधी पॅटिस, कधी नानकटाई, असा त्यांचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा क्रम. सोमवारी आमच्या घरी मासळी नाही आणि श्रावणात महिनाभर नाही. त्या दिवसांत डब्यातले जेवण त्यांना सपक लागे आणि बेकरीतला हिशेब दुप्पट होई. मासळी वर्ज्य म्हणून सात्त्विक मानलेल्या त्या दिवसांत त्यांच्या पोटात जो मेद जात होता, तो मासळीच्या मेदाच्या अगदी उलट टोकाचा होता. तो कोठून आला, हे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

पातळ तेलातून हायड्रोजन वायू सोडून ते थिजविण्याची कृती विल्हेल्म नॉर्मन नावाच्या जर्मन रसायनज्ञाने शोधली आणि १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून असा घट्ट पदार्थ तयार करून ‘क्रिस्को’ या नावाने विकू लागले. आपल्या देशात तो प्रथम परदेशातून आला. मग मुंबईस शिवडीला कारखाना निघाला आणि १९३७ पासून पिवळ्या डब्यावरचे हिरवे ताडाचे झाड घरोघर पोहोचले. या डब्याचे नाव इतके रूढ झाले की आजही गावाकडचे दुकानदार कोणत्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणतात. ते स्वस्त होते, टिकाऊ होते, त्याला स्वतःचा वास नव्हता. आणि त्याचा सर्वांत मोठा गुण हा की ते तुपासारखे दिसत होते. पांढरे, रवाळ, थिजलेले. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी, असे म्हणणाऱ्या समाजात ज्याला तूप परवडत नाही त्याच्या लग्नातल्या बुंदीलाही त्याने तुपाची प्रतिष्ठा दिली. याचा उपहास मी करणार नाही. गरिबाच्या घरी मुलीच्या लग्नात पंगतीला तळलेले गोड वाढता यावे, ही इच्छा काही क्षुद्र नव्हे.

त्या काळी या पदार्थावर वाद झाले नाहीत असे नाही, फार झाले. गांधीजींनी १९४६ साली ‘हरिजन’मधून त्याविरुद्ध लिहिले. १९५० साली त्याच्या बंदीचे विधेयक संसदेपुढे आले, पण ते मंजूर झाले नाही. वादाचा रोख मुख्यतः भेसळीवर होता : हे तुपात मिसळून लोकांना फसवतात, तेव्हा यास ओळखावे कसे? याला एखादा रंग द्यावा म्हणून वर्षानुवर्षे खल झाला, परंतु योग्य रंग काही सापडला नाही. शेवटी वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. का, तर तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांची जोड दिली की लालसर रंग येतो; तुपात वनस्पती मिसळले असेल तर ते या परीक्षेत पकडले जाते. मला ही योजना फार आवडते. ज्या तिळाने साऱ्या तेलांना आपले नाव दिले, त्यालाच शेवटी साक्षीदार म्हणून उभे करावे लागले!

पण पदार्थ तुपात मिसळला जातो का, हे पाहताना तो माणसाच्या शरीरात मिसळल्यावर काय करतो, हा प्रश्न बाजूला राहिला. हायड्रोजन सोडण्याची क्रिया अर्ध्यावर थांबविली म्हणजे काही साखळ्यांचे दुहेरी बंध शिल्लक राहतात, परंतु त्यांचा बाक उलटा फिरून साखळी सरळ होते. कोपर वाकलेले आहे, तरी मूल ताठ उभे आहे असे भासावे, तशी. यालाच ट्रान्स मेद म्हणतात. बाहेरून तो संपृक्ताच्या रांगेत सहज खपतो. पण शरीरात गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढवितो आणि जे चांगले म्हणतात, धमन्यांतला साठा यकृताकडे परत नेणारे, ते घटवितो. तूप आणि खोबरेल यांवर कितीही दोषारोप केला तरी ती दोन्ही दिशांनी घात करीत नाहीत. (गाईम्हशींच्या दुधातही निसर्गतः ट्रान्स मेद असतो, पण अगदी थोडा.) तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे, ही म्हण मी दरवर्षी आठवीला शिकवते. धुपाटणे म्हणजे काय हे मुलांना सांगावे लागते, कारण ते आता घरोघर नसते. वनस्पती तुपाचा डबा दाखवूनही ही म्हण समजावता येईल, असे मला अनेकदा वाटते.

हे आधी कोणाच्या लक्षात आले नाही का? आले होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील फ्रेड कुमेरो यांनी १९५७ सालीच हृदयविकाराने मेलेल्यांच्या ऊतींत ट्रान्स मेद सापडल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी माणसांवर पद्धतशीर आहारप्रयोग करून दोन्ही कोलेस्टेरॉलांवरील परिणाम दाखविला, तेव्हा जग जागे होऊ लागले. डेन्मार्कने २००३ साली मेदातील ट्रान्सचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणणारा नियम केला. कुमेरो मात्र थांबले नव्हते. वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, २००९ साली, त्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला. उत्तर येईना तेव्हा २०१३ साली खटला भरला. २०१५ साली निर्णय झाला आणि २०१८ च्या जूनपासून तो अमलात आला. कुमेरो २०१७ च्या मे महिन्यात, एकशे दोन वर्षांचे होऊन वारले होते. मुलांना चिकाटीवर निबंध लिहावयास सांगताना आपण नेहमी तीच तीन-चार नावे देतो. हे आणखी एक घ्यावे.

आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २००९ साली बाजारातील वनस्पती तपासले, तेव्हा त्यांतील ट्रान्स मेद डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट भरला. मर्यादा हळूहळू खाली आली; पाच टक्के, मग २०२१ च्या जानेवारीत तीन टक्के, आणि २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्के. म्हणजे बाबांच्या चार वाजताच्या चहाची ती सव्वीस-सत्तावीस वर्षे या सगळ्याच्या आधी संपली. त्यांचे दुखणे खारीनेच आले, असे मी म्हणत नाही. हृदयविकाराला वाटा अनेक असतात, त्यांत खुर्चीतली नोकरी आहे, आनुवंशिकता आहे, आणि खोबरेलही आहे. मात्र कागदावर तीन नावे लिहिताना चौथे लिहावयास हवे होते. ते लिहिले गेले नाही, आणि रुग्णालयातून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात भेटावयास आलेल्या मंडळींनी ‘पथ्याचे’ म्हणून आणलेल्या खाऱ्या बाबांनी निर्धास्तपणे खाल्ल्या. आईने त्या स्वतः बशीत काढून दिल्या होत्या. तिने खोबरेलाचा डबा मात्र माळ्यावर ठेवला होता.

मेद म्हणजे शत्रू, असा समज या सर्वातून कोणी करून घेऊ नये. आईच्या दुधातील शक्तीचा सुमारे अर्धा भाग मेदाचाच असतो. निसर्गाने पहिल्या घासातच स्नेह घातला आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धाशिवाय अंगी लागत नाहीत. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना मेद मुळीच न देता वाढविले, तर त्यांची कातडी खवलली आणि वाढ खुंटली. काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनविता येत नाहीत, ती आहारातूनच यावी लागतात, हे त्यातून कळले. त्यांपैकी एका जातीची आम्ले, ज्यांना ओमेगा-तीन म्हणतात, ती बांगड्यात आणि तारल्यात विपुल. कोकणात ज्याला गरिबाचा मासा म्हणून पाहुण्यांपुढे वाढण्यास संकोचतात, तो तारला हृदयाच्या दृष्टीने भल्या थोरल्या इसवणाला हार जाणारा नव्हे. आणि घाटावर मासा नाही म्हणून काही अडले नाही. सासूबाई जवसाची चटणी करतात. जवसाच्या मेदात निम्म्याहून अधिक याच कुळातले आम्ल असते, जरी शरीर त्यातले थोडेच माशातल्या रूपात बदलू शकते. दोन स्वयंपाकघरे तेलावरून वर्षानुवर्षे एकमेकींकडे नाक मुरडीत होती, आणि दोघींच्या ताटात एकाच गरजेची दोन उत्तरे होती!

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की एकाच तेलाला चिकटून न राहता तेले आलटून पालटून वापरावीत, आणि दोन हजार कॅलरींच्या आहारात तेलतूप दिवसाला सुमारे २७ ग्रॅमपर्यंत, म्हणजे चहाचे सहा चमचे असावे. हे ऐकून मी एकदा आमच्या घरचे मोजले. आकडा येथे छापण्यासारखा नव्हता. सासूबाईंनी तो ऐकला आणि “शाळेतली गणितं शाळेत” एवढेच म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून तेलाच्या बुधल्याजागी पळी आली.

शाळेच्या फाटकासमोर संध्याकाळी जे तळण चालते त्याविषयी मात्र थोडे कडक बोलावेसे वाटते. तेच तेल सकाळी वड्यांना, दुपारी भज्यांना आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरच्यांना. तेल वारंवार तापले की त्यात अपायकारक संयुगे साचतात. ती शंभरात पंचवीसांहून अधिक झाली तर ते तेल वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. कढईपुढे उभे राहून हे मोजणार कोण? तेलाला काळसर रंग आला असेल, फेस धरत असेल, घशाशी खवखव करणारा धूर निघत असेल तर मुलांनी एवढे ओळखून पुढे जावे. भजी खाऊ नका, असे मी सांगत नाही. पावसाळ्यात ते मलाच जमत नाही.

मागील वर्षी नववीच्या वर्गात मी हे सारे थोडक्यात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. त्याच्या वडिलांची बेकरी आहे. तो म्हणाला, “बाई, मग खारी कशात करायची?” वर्ग हसला, तो हसला नाही. खारीला पापुद्रे सुटतात ते पिठाच्या घड्यांत पसरलेल्या घट्ट स्निग्ध पदार्थामुळे. पातळ तेलाने ते सुटत नाहीत. लोणी घालावे तर खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि दहा रुपयांच्या पुड्याचे गिऱ्हाईक तुटते. फळ्यावर साखळ्या काढणे मला सोपे होते. त्याच्या घरची भट्टी रोज पहाटे तीनला पेटते.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. हातात पिशवी. ओसरीवर उभे राहूनच म्हणाले, “बाई, पोरगा घरात रोज भांडतोय. आमचा डबा बघा तुम्हीच.” पिशवीतून त्यांनी डब्याचे रिकामे झाकण आणि कापलेला पत्रा काढला. विज्ञानाचे सर, ते आणि मी, तिघांनी मिळून त्यावरील बारीक अक्षरे वाचली. पामतेलाचा घट्ट पदार्थ होता. ट्रान्स मेद दोन टक्क्यांच्या आत असल्याचे छापले होते. संपृक्त मेद मात्र निम्म्याच्या आसपास. सरांनी स्पष्ट सांगितले की पूर्वीचा डबा घातक होता, हा तितका नाही. पण म्हणून रोज दोन खाऱ्या खाव्यात असेही नाही. ते गृहस्थ काही वेळ विचार करीत उभे राहिले. मग म्हणाले, “पूर्वीचा डबा आम्ही वीस वर्षं वापरला, बाई. तेव्हा कोणी पत्रा वाचला नाही. डबा पिवळा हाय का, एवढंच बघत होतो.”

जाताना त्यांनी पिशवीतून खारीचा एक लहान पुडा काढून टेबलावर ठेवला. सरांनी एक घेतली, मी एक घेतली. पूर्वीइतकी ती खुसखुशीत होत नाही, असे त्यांनी आपणहूनच सांगितले.